फिनिक्सहून आरव्हीने मेसा व्हर्डे : आधी गाडीचं ठरवा, मग बाकीचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ॲरिझोनातल्या फिनिक्सहून निघायचं, हातात पाच दिवस, तुम्ही दोघं, ७ आणि ११ वर्षांची मुलं, पुण्याहून येणारे आई-बाबा, आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घ्यायची पहिलीच वेळ, ३० फुटी गाडी बऱ्या भावात मिळतेय ती घेऊ का, आणि कोलोराडोतल्या मेसा व्हर्डे नॅशनल पार्कातल्या त्या कड्यातल्या जुन्या घरांपर्यंत आई-बाबांना नेता येईल का. मी गेली अकरा वर्षं आरव्ही चालवतोय, आधी भाड्याच्या, आता स्वतःची, आणि मेसा व्हर्डेला चारदा जाऊन आलोय, त्यात एकदा माझ्या आईला घेऊन. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

३० फुटी गाडी घ्या, काही हरकत नाही, पण एकाच अटीवर. घरची एसयूव्ही मागोमाग आणायची, एकाने आरव्ही चालवायची आणि एकाने एसयूव्ही. पेट्रोलचा खर्च वाढतो हे मान्य, पण ह्या पार्कात आरव्ही म्हणजे राहायचं घर आहे, फिरायची गाडी नाही, आणि हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की बाकीचं प्लॅनिंग आपोआप सोपं होतं.

कारण सांगतो. हायवे १६० वरून आत वळलं की लगेच व्हिजिटर सेंटर लागतं, तिथून रस्ता चढायला लागतो, चार मैलांवर मोअरफील्ड कॅम्पग्राउंड. मागे काही जोडलेलं असेल, ट्रेलर म्हणा की ओढून आणलेली कार, तर मोअरफील्डच्या पुढे नेता येत नाही. पुढे बोगदा, वळणं, एका बाजूला खोल दरी, असं करत 'फार व्ह्यू' नावाच्या जागी रस्ता फुटतो, एक चॅपिन मेसाकडे (मेसा म्हणजे सपाट माथ्याचं पठार) आणि दुसरा वेदरिल मेसाकडे. चॅपिनकडे मोटरहोम नेऊ देतात, पण वेदरिलच्या रस्त्याला गाडी २५ फुटांच्या आत आणि ८,००० पौंडांच्या आत हवी. आता इथे लोक काय करतात तर फक्त फूट बघतात, म्हणतात आपण २४ फुटी घेऊ म्हणजे सुटलो. नाही सुटत! भाड्याने मिळणारी २४ फुटी क्लास सी, म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली आरव्ही, भरलेल्या वजनाला १२,००० पौंडांच्या वर जाते, म्हणजे लांबीत पास आणि वजनात नापास, आणि कॅम्पर व्हॅनसुद्धा बऱ्याचदा त्या आकड्याच्या वर असतात, दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचून बघा. पहिल्या वेळी मी ३१ फुटी घेऊन गेलो होतो, वेदरिलवरच्या लाँग हाउस ह्या कड्यातल्या गावाची तिकिटं खिशात होती, आणि हा नियम मला थेट वेदरिलच्या फाट्यावरच्या पाटीवर कळला. मुलं मागे बूट घालून तयार बसली होती. नियम पार्कच्या साइटवर लिहिलेला होता, मी वाचला नव्हता, चूक सगळी माझी, पण ते त्यांचे चेहरे अजून आठवतात. तुमच्या मुलांचं तसं होऊ नये म्हणून हे सगळ्यात आधी लिहिलं.

मग एसयूव्ही आरव्हीच्या मागे बांधून का आणू नये, असं विचाराल. भाड्याच्या आरव्हीला मागे काही ओढायला बहुतेक कंपन्या परवानगीच देत नाहीत, म्हणून दोन ड्रायव्हर. दोन वॉकीटॉकी घेऊन ठेवा, कारण वाटेत नावाहो नेशनमध्ये (नावाहो आदिवासींचा स्वतःचा प्रदेश) आणि पार्कात बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते. आणि आई-बाबा आणि मुलं एसयूव्हीतच बसवा. आरव्ही चालू असताना मागे किती हिंदकळतं हे फोटोत दिसत नाही, गुडघे आणि कंबर दुखणाऱ्या माणसाला ते फार त्रासाचं होतं.

रस्त्याचं. फिनिक्स ते मेसा व्हर्डे साधारण ४०० मैल, मॅपवर सात तास दिसतील, आरव्हीला नऊ धरा, आणि एका दिवसात करू नका. पहिल्या दिवशी पहाटे पाचलाच निघा, कारण फिनिक्स ११०० फुटांवर आणि फ्लॅगस्टाफ जवळजवळ ७,००० फुटांवर, आय-१७ चा तो चढ जूनच्या दुपारी ४० च्या वरच्या उन्हात एसी लावून भरलेली आरव्ही चढवायची म्हणजे इंजिनाचे हाल. उंचीवर साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटाला साधारण तीन टक्के कमी होते, गाडी रडायला लागली तर घाबरू नका, उजवी लेन धरा, टो-हॉल मोड (चढावर खालचा गिअर धरून ठेवणारं बटण) लावा आणि ४५ ने चढू द्या. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, गिअर खाली घ्यायचा, हे दोन्ही ड्रायव्हरनी फिनिक्समध्येच एकदा करून बघा. फ्लॅगस्टाफवरून ८९, मग १६० धरून ट्यूबा सिटी, कायंटा. पहिली रात्र कायंटा किंवा मॉन्युमेंट व्हॅलीजवळ. मॉन्युमेंट व्हॅली नावाहो लोकांचं स्वतःचं पार्क आहे, नॅशनल पार्कचा पास तिथे चालत नाही, आणि आतल्या १७ मैलांच्या कच्च्या रस्त्यावर आरव्ही नेता येत नाही, इथेही एसयूव्हीच कामाला येते. नावाहो हद्दीत दारू जवळ बाळगायलाही बंदी आहे, फ्रिजमध्ये बिअर असेल तर घरीच ठेवा.

गाडी ताब्यात घेताना फोनवर सगळीकडून व्हिडिओ काढा, छत धरून. विमा नीट वाचा, आपल्या रोजच्या गाडीचा विमा आणि क्रेडिट कार्डचं कव्हर आरव्हीला बहुतेक वेळा लागू होत नाही, आणि भाड्याच्या विम्यातूनही छताला आणि गाडीच्या पोटाला झालेलं नुकसान पुष्कळदा वगळलेलं असतं. म्हणून गाडीची उंची कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा, पेट्रोल पंपाचं छत आणि ड्राइव्ह-थ्रू, ह्या दोन ठिकाणी नवशिक्यांची छतं फुटतात. आणि वळताना मागचा भाग उलट्या बाजूला झोकांडी खातो, पंपावरून निघताना आरसे बघत निघा.

आता मुक्काम. मोअरफील्डमध्ये २६७ जागा आहेत पण पाणी-वीज-सांडपाणी असं फुल हुकअप फक्त १५ जागांना, आणि त्या १५ लवकर उडतात, बाकीच्या जागा मात्र सहसा मिळतात. आई-बाबांसाठी हुकअप मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर म्हणून पार्कबाहेर जाऊ नका असं मी सांगेन. ७,८०० फुटांवर जूनच्या रात्री गार असतात, एसीची गरजच पडत नाही, फ्रिज प्रोपेनवर चालतो, दिवे बॅटरीवर, फक्त आत जाताना स्वच्छ पाण्याची टाकी भरून घ्यायची. कॅम्पात दुकान, शॉवर, लाँड्री, डंप स्टेशन (सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा) आहे. संध्याकाळी ओकच्या झुडपांतून हरणं अगदी टेबलापर्यंत येतात, मुलांना खाऊ घालू देऊ नका, आणि अस्वलं आहेत म्हणून खायचं काहीही बाहेर ठेवू नका, रिकामा डबासुद्धा नाही.

उंचीचं आई-बाबांना आधीच सांगून ठेवा. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट, आणि तुम्ही झोपणार आहात ते त्याच्याहूनही २,४०० फूट वर. पहिल्या दिवशी धाप लागते, डोकं जड होतं, झोप तुटक लागते. पाणी भरपूर, पहिल्या संध्याकाळी काही चढणं-उतरणं नाही, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना निघायच्या आधीच विचारा.

स्वयंपाकाबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण आपल्या घरात तोच मोठा विषय असतो. तिथे पाणी ९२ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ शिजायची वाट बघत रात्र होईल. छोटा कुकर न्या, आणि शिट्ट्या नेहमीपेक्षा दोन जास्त. आरव्हीत फोडणी देताना वरचा व्हेंट उघडून पंखा लावा आणि खिडकी उघडा, धुराचा अलार्म लगेच वाजतो आणि शेजारचे झोपलेले असतात. एसी आणि मायक्रोवेव्ह किंवा इन्स्टंट पॉट एकाच वेळी लावला की ३० अँपचा ब्रेकर पडतो, एका वेळी एकच. फरसाणाची पाकिटं वर फुग्यासारखी टम्म फुगतात, एखादं फुटतंसुद्धा, डब्यात काढून न्या. सकाळी दशम्या, चटणी आणि थर्मासमध्ये चहा एसयूव्हीत टाकून निघा म्हणजे दिवसभर खाण्यासाठी शोधाशोध नको.

टाक्यांचं एकदाच सांगतो. ब्लॅक टँक म्हणजे संडासाची टाकी, ग्रे म्हणजे अंघोळीच्या-भांड्यांच्या पाण्याची. ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह हुकअपवर असतानाही बंदच ठेवायचा, टाकी निदान अर्ध्याच्या वर भरली की सोडायचा, आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. आई-बाबांसाठी टॉयलेटमध्ये मग ठेवा, बिनधास्त, जास्त पाण्याने टाकीचं भलंच होतं, फक्त ती लवकर भरते एवढं लक्षात ठेवा. कागद मात्र आरव्हीचाच. हातमोजे घ्या.

आता ज्याच्यासाठी जाताय त्याबद्दल. मराठी माणसाला सांगताना पटकन तोंडात येतं की अमेरिकेतलं अजंठा, मीही पहिल्यांदा असंच म्हणालो होतो. पण अजंठा-वेरूळ कातळ कोरून केलेलं, आणि इथे कोरलेलं जवळजवळ काही नाही. वालुकाश्मातून पाणी झिरपत खाली येतं, खालच्या शेलच्या थरावर अडतं, तिथून बाहेर पडताना दगड कुजवत जातं आणि कड्याच्या पोटात मोठाली कपार तयार होते. त्या कपारीत दगड घडवून, मातीच्या गाऱ्याने भिंती रचून लोकांनी गावं बांधली, आणि तोच झिरपा त्यांचं पिण्याचं पाणी. हे लोक, म्हणजे पूर्वज प्वेब्लो, साधारण इसवी सन ५५० पासून इथे होते, बराच काळ वर पठारावरच राहिले, मका, घेवडा, भोपळा पिकवायचे, टर्की पाळायचे. कपारीतली ही घरं अगदी शेवटची, बाराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांतली, आणि १३०० पर्यंत गावं रिकामी झाली. १२७६ ते १२९९ मोठा दुष्काळ होता हे झाडांच्या खोडांतल्या वर्तुळांवरून कळलंय. पण "गूढरीत्या नाहीसे झाले" असं मुलांना सांगू नका हं, ते दक्षिणेकडे गेले, होपी, झुनी, आकोमा आणि रिओ ग्रांदेकाठचे प्वेब्लो लोक आज त्यांचे वंशज म्हणून आहेत आणि ह्या जागा त्यांना आजोळासारख्या आहेत. त्यांच्यासाठी वापरला जाणारा जुना शब्द, अनासाझी, तो मूळ नावाहो भाषेतला आणि प्वेब्लो लोकांना न आवडणारा आहे, पूर्वज प्वेब्लो म्हणायला मुलांना शिकवा.

अजंठ्याशी एक गोष्ट मात्र खरंच जुळते. १८१९ मध्ये शिकारीला गेलेल्या जॉन स्मिथला अजंठा "सापडलं", तसं १८ डिसेंबर १८८८ ला रिचर्ड वेदरिल आणि चार्ली मेसन ह्या दोघा गुराख्यांना चुकलेली जनावरं शोधताना क्लिफ पॅलेस हे कपारीतलं गाव "सापडलं", आणि दोन्हीकडे स्थानिकांना ते आधीपासून माहीत होतं, इथे यूट लोकांना. मग लुटालूट सुरू झाली. १८९१ मध्ये गुस्टाफ नॉर्डेनशॉल्ड ह्या स्वीडिश तरुणाने खोदून काढलेल्या वस्तू शेवटी हेलसिंकीच्या म्युझियममध्ये पोचल्या, त्यातले मानवी अवशेष आणि त्यांच्यासोबत पुरलेल्या वस्तू २०२० मध्ये परत आल्या आणि पुन्हा मातीत गेल्या. १९०६ मध्ये हे नॅशनल पार्क झालं, माणसाच्या हातचं काम जपण्यासाठी केलेलं पहिलंच. म्हणून भिंतीला टेकू नका, भिंतीवर बसू नका असं रेंजर दहादा सांगतात त्याचा राग मानायचा नाही.

आई-बाबांना काय झेपेल? क्लिफ पॅलेसच्या टूरला उंचसखल दगडी पायऱ्या उतरायच्या आणि चार-पाच शिड्या चढायच्या, चाल थोडीच पण चढउतार १०० फुटांचा. गुडघे ठीक असतील तर होतं. बाल्कनी हाउसला ३२ फुटांची शिडी आणि वर १८ इंच रुंद, १२ फूट लांब बोगद्यातून रांगत जायचं, तिथे आई-बाबांना नेऊच नका, तुमच्या अकरा वर्षांच्याला मात्र आयुष्यभर आठवेल. सात वर्षांच्याला उंचीची भीती नसेल आणि शिडी स्वतःची स्वतः चढत असेल तर जमेल, कडेवर घेऊन चढता येत नाही. लाँग हाउस वेदरिलवर, सव्वादोन मैलांची चाल, दोन तास. स्प्रूस ट्री हाउस २०१५ पासून दगड पडतात म्हणून बंद आहे, म्युझियमजवळून वरून दिसतं.

आणि टूर नाही केली म्हणजे काही पाहिलं नाही असं बिलकुल नाही. माझी आई तेव्हा ६८ वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले. मेसा टॉप लूप सहा मैलांचा, गाडीतून उतरून चार पावलं चाललं की एकेक जागा, खड्ड्यातल्या जुन्या घरांपासून कड्यातल्या घरांपर्यंत क्रमाने. त्याच लूपवर सन टेंपलच्या कडेवरून दरीपलीकडे समोर अख्खं क्लिफ पॅलेस दिसतं, दीडशेच्या आसपास खोल्या, वीसेक गोल किवा, म्हणजे जमिनीत खोल बांधलेल्या बैठकीच्या आणि पूजेअर्चेच्या खोल्या. दुपारी चारनंतर ऊन सरळ कपारीत शिरतं आणि सगळ्या भिंती सोनेरी होतात. आम्ही खाली टूरला आणि आई इकडे घडीच्या खुर्चीत दुर्बीण घेऊन. परत आलो तर मला म्हणाली, वर माळ्यासारखी एक अरुंद फळी दिसतेय बघ, तिथे पण भिंत घातलीय, ते बळद असणार, धान्य उंदरापासून वर ठेवलंय. अगदी बरोबर, त्या वरच्या कपारीत साठवणीच्याच खोल्या आहेत. मी तिथे तीनदा गेलो होतो आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग म्युझियममध्ये दगडी पाटा आणि वरवंट्यासारखा हातदगड बघून तिने हात लावून बघितल्यासारखा हवेतच हात फिरवला. त्या वालुकाश्माची कच पिठात उतरायची आणि त्याने ह्या लोकांचे दात झिजून जायचे. आई-बाबांच्या पिढीने जातं-पाटा वापरलाय, त्यांना ह्या घरांत आपल्यापेक्षा जास्त दिसतं, म्हणून त्यांना घाई करू नका. दुर्बीण आणि घडीच्या खुर्च्या विसरू नका. मुलांना व्हिजिटर सेंटरमधून ज्युनिअर रेंजरचं पुस्तक घेऊन द्या, आणि भिंतींच्या गाऱ्यात बोटांचे ठसे शोधायला सांगा, काही ठिकाणी दिसतात. आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी सांध्यात दगडाची चीप दाबली त्याचा तो अंगठा.

पाच दिवसांत हे बसतं पण ओढाताण होते, एक दिवस वाढवता आला तर वाढवाच. सहा दिवसांचा बेत असा, दुसऱ्या दिवशी कायंटाहून फोर कॉर्नर्स (चार राज्यांच्या सीमा मिळतात ती जागा) करत दुपारी कॅम्पात, तिसरा दिवस पूर्ण चॅपिन, चौथा दिवस वेदरिल, जिथे स्टेप हाउस बिनतिकिटाचं आणि बिनगर्दीचं आहे, उतार थोडा आहे पण सावकाश गेलं तर जमतं. पाचव्या दिवशी निघून ॲरिझोनातली कॅन्यन द शे ही दरी, तिथे दक्षिण काठाचा डांबरी रस्ता आणि वरून दिसणारं व्हाइट हाउस, म्हणजे तसंच कड्यातलं जुनं घर, सहाव्या दिवशी घरी. न्यू मेक्सिकोतल्या चाको कॅन्यनमधल्या जुन्या अवशेषांचा मोह होईल, पण तो कच्चा खडबडीत रस्ता भाड्याच्या आरव्हीने करू नका, कपाटातल्या प्लेटा बाहेर येतात.

शेवटचं तिकिटांचं. टूरची तिकिटं रिक्रिएशन डॉट गव्ह ह्या साइटवर चौदा दिवस आधी सकाळी आठला उघडतात, क्लिफ पॅलेसची तर काही मिनिटांत संपतात, कॅम्पात पोचून बघू असं चालत नाही. आणि ते आठ म्हणजे कोलोराडोचे आठ. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नावाहो नेशन करतं, कोलोराडोही करतं, त्यामुळे तुमच्याकडे तेव्हा सातच वाजलेले असतात. टूर १७ जूनची हवी असेल तर ३ जूनला फिनिक्समध्ये पावणेसातला लॉगिन करून, सहा जणांची नावं आणि कार्ड आधीच भरून बसा, आणि तुमच्या पत्नीला दुसऱ्या लॅपटॉपवर बाल्कनी हाउस उघडून बसवा. कॅम्पात पोचल्यावर हातातली घड्याळं पण एक तास पुढे करा, टूर कुणासाठी थांबत नाही आणि कॅम्पपासून क्लिफ पॅलेसपर्यंत पाऊण तास लागतो.